हाडं मोजताना

मिस्सा संपली. साक्रिस्तान एकेक पंखा बंद करतोय
आणि मी अजून गुडघ्यांवरच,
रात्रपाळीचे बूट न काढता, तुझ्यासमोर.
आईने शिकवलेली प्रार्थना तोंडपाठ आहे,
पण दर वेळी त्या एका जागी अडते,
जिथे तुझी हाडं मोजायची असतात.

ते तर माझंच काम, प्रभू.
पालिकेच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मुतारीशेजारच्या खोलीत
सव्वीस वर्षं मी हाडं बघतेय.
बिगारी, मासळीवाली, भिंतीवरून पडलेलं पोर.
छाती इथे टेकवा. हनुवटी वर.
श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका.
सोडा.
मग काच उजळते आणि सगळ्यांच्या आधी मला कळतं.
"बाई, काय दिसलं?"
रिपोर्ट डॉक्टर सांगतील, मी म्हणते.
पिलातापुढे तूही गप्प होतास,
पण तुझं गप्प राहणं आणि माझं
एका मापाचं नाही, ठाऊक आहे.

तुझ्या अंगाबद्दल माझ्या तक्रारी आहेत.
खिळा चुकलाय. तळहाताचं मांस
माणसाचं वजन पेलत नाही, मनगटात हवा होता.
डावीकडे बरगड्या अकराच कोरल्यात.
पायाच्या अंगठ्याचा रंग
गावठाणातल्या बायकांनी गुड फ्रायडेला
मुके घेऊन घेऊन उडवला,
त्यात माझी आई नाताल, हातांना बाटली मसाल्याचा वास.

त्या वर्षी तुला भुंगा लागला, आठवतं?
खाली रोज पिठासारखा भुसा पडायचा
आणि म्हातारी रेमेदीन तो पुडीत बांधून न्यायची, औषध म्हणून.
इझिदोर मिस्त्रीने ठोकून पाहिलं,
म्हणाला, आत किती उरलाय ते उघडल्याशिवाय कळायचं नाही.
फादर व्हॅलेरियन माझ्याकडे वळले.

झावळ्यांच्या रविवारी, रात्री दोनला,
चादरीत गुंडाळून तुला रिक्षाने आणलं.
रिक्षावाला म्हणाला, "पेशंटचे पाय आत घ्या."
रजिस्टरात काहीतरी लिहावंच लागतं:
येशू. पुरुष. तेहतीस. मरोळ गावठाण.
वॉर्डाचा रकाना रिकामा सोडला.

क्रूसावरून काढलेला तू टेबलावर निजेनास.
पाठीला बाक, हात पसरलेले,
सारखा एका कुशीवर कलंडायचास,
म्हणून मी तुझा खांदा धरून उभी राहिले
आणि सवयीने म्हणाले, श्वास घ्या.
धरून ठेवा.
पुढचा शब्द तोंडातून निघेना.
बटण सदानंदने दाबलं. तो वॉर्डबॉय, मारुतीचा भक्त,
पण त्या रात्री चपला दाराबाहेर काढून आला होता.

फिल्म ओली होती, थेंब गळत होते.
आत भुंग्यांच्या गल्ल्या, आमच्या गावठाणासारख्याच वाकड्या.
छातीत एक जुना खिळा,
कुणी, कधी ठोकलेला, कुणाला माहीत नाही.
हाड एकही नाही.
तू नुसतं धुकं होतास, प्रभू,
आणि धुक्यात, खांद्यापाशी, लख्ख पांढरी
माझी चार बोटं.
बारा पेरं. मी मोजली.
आणि विधवा झाल्यावरही न काढलेली अंगठी.

इझिदोरने भोकांत मेण भरलं, तू परत वर गेलास.
खिळा राहू दिला. काढला असता तर छाती उलली असती.
फिल्म माझ्या कपाटात आहे, रेशनकार्डाखाली.

आज प्रार्थना पुढे जात नाही, म्हणून नुसतं सांगते.
काल रात्री साकीनाक्याची एक बाई आली, एकोणतीस वर्षांची.
उजव्या फुप्फुसात रुपयाएवढी सावली.
"बाई, काय दिसलं?"
मी तिचा खांदा धरला,
धरायला हवा होता त्याहून जरा जास्त वेळ.
तिने माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं.

साक्रिस्तान किल्ल्या वाजवतोय.
सोमवारी ती डॉक्टरांकडे येईल, दहा वाजता, ओपीडी चार.
रांग मोठी असते, लवकर ये.
उठते मी. गुडघे कडकडले बघ, दोन्ही.
तेवढे तू मोज.