जाड बाण, बारीक बाण

रात्रपाळी संपवून थेट सभागृहात आले,
पायांत वॉर्डातलेच बूट,
खिशात इझोबेलच्या श्रवणयंत्राची बॅटरी,
द्यायची राहून गेलेली.

डंडी शहर. टे नदीच्या काठचं सभागृह.
नदी राखाडी, आभाळ राखाडी,
आणि पडद्यावर मात्र स्वच्छ निळा नकाशा.
वर ठळक अक्षरांत : स्थलांतर आणि विकास, भागीदारीची दिशा.
मला तीन मिनिटं दिली होती.
छापील कागदावर माझ्या नावापुढे, 'अनुभव'.
आडनाव चुकलेलं. पाडळेचं पडाले.

नकाशावर बाण होते.
इथून तिकडे जाणारे जाड, हिरवे : पैसा.
तिकडून इथे येणारे बारीक, ठिपक्याठिपक्यांचे : माणसं.
मी जालन्यापासून बोटाने माग काढत आले
तर मध्येच, समुद्रात कुठेतरी,
ठिपके पुसट होत गेलेले.

शेजारी चिकोंडी. मलावीची, माझ्याच वॉर्डातली.
कानाशी येऊन म्हणाली,
"आमच्या गावच्या दवाखान्यात दोन नर्स होत्या.
एक मी."
मग तिने बिस्किट चहात बुडवलं,
ते तुटलं,
आणि कितीतरी वेळ ती चमच्याने ते शोधत राहिली.

करार जाहीर झाला.
एक नर्स घ्यायची तर तिकडे दोन शिकवायच्या.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.
मी शिकले त्या कॉलेजात सरावाला एकच बाहुली होती,
सुया टोचून टोचून डाव्या दंडाची चाळणी झालेली.
दोन शिकवणार असाल
तर निदान आणखी एक बाहुली घ्या,
एवढंच माझ्या तीन मिनिटांत लिहून आणलं होतं.

पण डोक्यात फिरत होती
सात नंबरच्या खाटेवरची इझोबेल.
ब्याण्णव वर्षांची. तागाच्या गिरणीत मागावर होती,
कान तिथेच ठेवून आली.
त्या गोंगाटात बायका हातांनी बोलायच्या,
अजून तशीच बोलते.
पहाटे चारला तिने उशाचा पत्र्याचा डबा उघडायला लावला.
आत पाकिटं. शिक्के कलकत्त्याचे.
बाप तिचा हुगळीकाठच्या गिरणीत साहेब,
इथे असता तर साधा जॉबर.
दर पाकिटावर आईने पेन्सिलीने मांडलेली रक्कम,
आणि इझोबेलची बोटं सांगत होती :
हे बुटांचे.
हे कोळशाचे.
हे थोरल्याच्या शाळेचे, आणि हे, वर बोट दाखवून,
छपराचे.
शेवटच्या पाकिटावर पेन्सिल नव्हती.
ओठांवरून वाचलं मी :
ताप. तिकडेच.

माझ्या फोनमध्येही असाच गठ्ठा आहे, न पिवळा पडणारा.
स्लॅबचे. सॅम्सनच्या डिप्लोमाचे.
आत्याच्या मोतीबिंदूचे, दोनदा,
कारण पहिल्यांदा ते स्लॅबमध्येच गेले.

माइकपाशी गेले आणि बाहुलीचं विसरले.
म्हटलं, एक बाण काढायचा राहिलाय.
हुगळीवरून टेवर. जाड, हिरवा.
बऱ्याच जुन्या काळचा आहे, पण याच गावात
त्याची छपरं अजून गळत नाहीत.
लोक हसले, चांगलं हसले.
संगणकापाशी बसलेला पोरगा म्हणाला,
स्लाइड आता बदलता येत नाही.
घंटी वाजली.

बसमध्ये चिकोंडी झोपली, डोकं माझ्या खांद्यावर.
मीच आठवण ठेवून उतरवलं तिला.

रात्री बॅटरी बसवायला गेले
तर इझोबेलने हात आडवा धरला.
नको. ऐकण्यासारखं काय असतं रात्री?
मग हातांनीच विचारलं, कुठे होतीस दिवसभर,
काय ठरलं?
मी दोन बोटं दाखवली.

तिला वाटलं, साखर.
दोन चमचे चालतील, म्हणाली,
आज डॉक्टर नाहीत.