गुलाबी

होळीला सहा दिवस होते
तेव्हा खैरनार साहेब आले, भद्रकालीतल्या आमच्या भट्टीवर,
चपला बाहेर काढून. तेवढं मानलं पाहिजे.
गुलाबी कडी उचलली, चार पुड्या बांधल्या,
लाखेचं सील मारलं, माझी सही घेतली.
म्हणाले, अहवालाला चौदा दिवस.
मी बोटांवर मोजलं. होळी गेली, रंगपंचमी गेली.
पाडवा तेवढा उरतो.

त्याआधीच एक व्हिडिओ फिरत होता:
कुणाचं तरी कडं, कुणाच्या तरी ग्लासात,
आणि पाणी हळूहळू जास्वंदी होत जाणारं.
भट्टी आमची नव्हती.
गुलाबी आमचंच होतं.

दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या बागूलबाई,
दरवर्षी पाच हार नेणाऱ्या,
कडं उन्हाला धरून म्हणाल्या,
"परदेशी, यात घातलंय काय?"
साखर, म्हणालो. मळी काढायला दूध. लिंबू.
"आणि?"
आणि एक पुडी.
तिच्यावर नाव नाही. कधीच नव्हतं.

तेव्हापासून पांढरंच पाडतो.
साचे भिजवायचे, दोरा सोडायचा, पाक ओतायचा,
सगळं तेच. फक्त ढवळताना
हात एका जागी थबकतो, डब्याकडे जायला निघतो.
पांढरे हार खिळ्यांवर टांगले
तर दुकान आजाऱ्याच्या खोलीसारखं दिसायला लागलं.
एक पोरगं आईला म्हणालं,
"हे देवाचं झालं. आपलं कुठंय?"
आई काही न घेता पुढे गेली.

पंचमीला तिवंध्याची रहाड उघडली.
बागूलबाईंचा नातू धप्पकन आत पडला
आणि वर आला तो केशरी,
कानाच्या पाळ्यांसकट, तोंड उघडं, हसत.
बाई काठावर टॉवेल घेऊन.
माझ्याकडे नजर गेली तशा म्हणाल्या,
"फुलांचा असतो हो हा रंग."
मी काही विचारलं नव्हतं.

बाबांचे तळहात फाल्गुनभर गुलाबी असायचे.
माझेही. शाळेत मी ते मिरवायचो.
पण आम्हा तिघा भावंडांना घरात
पांढरंच कडं मिळायचं. मी पाय आपटायचो.
"रंग गिऱ्हाइकाचा," एवढंच म्हणायचे,
आणि पाठ फिरवून कढईत झारा घालायचे.
मला वाटायचं, चिक्कूपणा. पुडीचे पैसे वाचवतात.
असेलही तेच.
आता विचारायला कोण आहे.

लिफाफा काल आला. साच्यांच्या फळीवर ठेवलाय.
बायको दोनदा म्हणाली, फोडा.
पाडव्याला पाच दिवस आहेत, पाक उकळतोय.
नात ओट्यावर चढून बसलीये.
तिच्या हातात कडं देतो, पांढरं,
पाठ फिरवत नाही.
ती चाटते, पुन्हा चाटते,
आरशासमोर जाऊन जीभ बाहेर काढते
आणि रडवेली होऊन परत येते:
"आजोबा, काहीच नाही झालं."