जिथे तुझा चेंडू पडला

अकरा वर्षं मी उनाईची बॅग वाहतोय.
डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं उतरलाय,
शिंपी माप घेताना आता विचारतही नाही.

एवढ्या वर्षांत तो कधी 'आपण' म्हणाल्याचं आठवत नाही.
जिंकला तर 'मी'.
हरला तर 'वारा'.
वाईट माणूस नव्हे तो.
हा खेळच माणसाला असा घडवतो:
पहाटे दवात एकटा,
विमानात खिडकीशी, घरून आणलेली उशी मांडीवर,
आणि शेवटच्या हिरवळीवर
चार हजार माणसांत एकटा.

दोन वर्षांतून एकदा मात्र हे असं.
बारा जणांना एकाच रंगाचे स्वेटर,
उनाईला तो रंग शोभत नाही.
बक्षिसाची रक्कम नाही, क्रमवारीचे गुण नाहीत.
मग येतोस कशाला, मी एकदा विचारलं होतं.
म्हणाला, बोलावतात म्हणून.

शुक्रवारी सकाळी फाइफच्या किनाऱ्यावर धुकं असं उतरलं
की समुद्र नुसता ऐकू येत होता.
जोडीला अस्गर, डेन्मार्कचा, बावीस वर्षांचा,
पहिल्या टीवर जाण्याआधी कॅडींच्या खोपटामागे
सकाळचा सगळा नाश्ता ओकून आलेला.
दोघांत एकच चेंडू.
एक फटका याचा, एक त्याचा,
म्हणजे त्याने घातलेला घोळ
यानेच निस्तरायचा.

तेराव्याला अस्गरने तो पिवळ्या काटेरी झुडपात घातला.
नुसता घातला नाही, पुरलाच.
मी उनाईकडे बघितलं नाही.
स्वतःच्या चुकीवर त्याने मोडलेल्या दोन काठ्या
माझ्या गॅरेजमध्ये अजून आहेत.
तो गुडघ्यांवर बसला. मग पोटावर.
काठी उलटी धरली, डाव्या हाताने,
आणि कोपरापर्यंत काट्यांत शिरून
चेंडू जेमतेम गवतावर काढला.
उठला, मनगटावरून रक्त ओघळत होतं.
पोराला म्हणाला, "बरा पडला होता रे.
मी यापेक्षा वाईट ठिकाणी टाकलेत."
खोटं.
अकरा वर्षांचा हिशेब माझ्या वहीत आहे.

सतराव्यावर सामना गेला.

दुपारच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.
कर्णधार इदवालने स्वतः येऊन सांगितलं,
टोपी हातात घेऊन, मयताला आल्यासारखी.
मला वाटलं, आता खोलीचं दार आपटेल.
मी बॅग पुसत बसलो, उगाच, पुसलेलीच पुन्हा.
तासाभराने बघतो तर
जगातला तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू
दोरीच्या कडेने चिखलातून चाललाय,
एका खिशात चहाचा थर्मास,
दुसऱ्यात अस्गरसाठी कोरडे मोजे.

सोळाव्याला पोरगं आठ फुटांवरून पट करायला वाकलं
आणि उनाईने डोळे मिटले.
स्वतःच्या चेंडूवरून ज्याची नजर
कधी हलली नाही, त्याने.
आवाजावरून कळलं त्याला.
मग थर्मासचं झाकण त्याला सापडेना,
ते त्याच्याच हातात होतं.

करंडक कुणी नेला, ते सांगत बसत नाही.
रात्री कपडे बदलायच्या खोलीत
मी चिमट्याने त्याच्या हातातले काटे काढत होतो.
सात निघाले. आठवा खोल होता.
राहू दे, म्हणाला.

महिन्याभराने, लिस्बनजवळ कुठेतरी,
अस्गर एका फटक्याने पुढे
आणि उनाई मागे.
दोघं दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत,
नियमच आहे तसा, कुणी न लिहिलेला.
अठराव्याला उनाईने मनगट चोळलं,
लांब हिरवळीकडे बघितलं,
आणि विचारलं,
"आपण अजून किती लांब?"

मी वहीत बघून आकडा सांगितला.
दोन यार्डांनी चुकीचा.