हिरव्याच्या वर

सोळा वर्षं मी दुसऱ्यांची लेकरं तोलते.
जिंतूरच्या पल्याड, आमच्या अंगणवाडीच्या आढ्याला
काटा टांगलेला, खाली निळ्या कापडाची झोळी,
झोळीत लोंबणारं लेकरू, आणि त्याच्या आईची नजर
काट्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं.
दोनशे ग्राम वाढलं की मी म्हणते, चला, हिरव्यात आलं.
त्या दिवशी हसीना मदतनीस चहात साखर जास्त टाकते.
माझा कप वेगळा. कान तुटलेला.

देवाकडं काय मागशील, असं कुणी विचारलं असतं
तर मी वजनच मागितलं असतं.

साखर मला तिसाव्या वर्षी लागली.
लागली म्हणतात आमच्याकडं, नजर लागावी तशी.
पहिल्या खेपेला, आठव्या महिन्यात,
एका मंगळवारी पोट गप झालं.
डाव्या कुशीवर झोपले, उजव्या कुशीवर झोपले,
महिनाअखेरीला नोंदवही भरताना
'मृत जन्म'च्या रकान्यात एक
मीच लिहिला.
अक्षर चांगलं आलं होतं. पर्यवेक्षिका बाई म्हणाल्याही.

ह्या खेपेला दिवस राहिल्यापासून बोटं टोचली.
सकाळी उपाशी एकशे अठरा, जेवल्यावर दोनशे सहा.
इन्सुलिनची बाटली रफिकच्या फ्रिजमधी,
सोड्याच्या बाटल्यांमागं, स्टीलच्या डब्यात,
वर चिकटपट्टी: दैवशाला मॅडम.
लाईट गेली की तो पोरगा न सांगता
डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचा.
ओटीभरणाला नणंद म्हणली, एक घास, लेकरासाठी.
मी अनारसा कपाळाला लावला अन् ताटात परत ठेवला.
ती चार दिवस बोलली नाही.

परभणीला पोट चिरून काढलं त्याला.
चार किलो सातशे.
आख्खा वॉर्ड बघायला आला:
गुटगुटीत गं बाई, दोन महिन्याचंच उतरलंय!
भागवत खालून पेढे घेऊन आला.
खिल्लारे सिस्टरनं पेढा घेतला नाही,
लेकराची टाच धरली.

अठ्ठावीस.

मग मला समजावलं, शाळेतल्या पोरीला सांगावं तसं:
तुमची साखर नाळेतून जात होती,
ती जिरवायला त्याचं अंग आतल्या आत राबत होतं.
नाळ कापली, साखर थांबली.
राबणं त्याला थांबवता येईना.

काचेत तो थरथरत होता. आधी हनुवटी, मग हात.
आजूबाजूला दीड-दीड किलोची चिमणी पोरं,
त्यांच्यात हा पहिलवान, आणि हाच सगळ्यात भेदरलेला.
हाताला सलाईन. सलाईनमधी साखरच.
मी टाके दाबून खुर्चीत बसले,
वाटीत चीक पिळला, पिवळा, अर्धा चमचा,
दर दोन तासाला.
चौतीस. एकोणचाळीस. एकतीस.
एकतीसला मी सिस्टरचा पदर धरला, लहान लेकरागत.
त्रेचाळीस.
बावन्न.

पाचवीच्या रात्री सासूबाईंनी घरी पाटावर
कोरा कागद अन् पेन ठेवला म्हणे,
सटवाई येते, लिहून जाते.
इकडं खिल्लारे सिस्टरनं फायलीत लिहिलं:
एकसष्ट, सलाईन बंद.
मी दोघींच्या पाया पडले, एकीच्या मनातल्या मनात.

घरी आलो तवा तो तीनशे ग्राम उतरला होता.
बाया हळहळल्या, वाळलं की गं लेकरू.
मला हसू आलं, टाके दुखले.

अंगणवाडीत हसीनानं त्याचं कार्ड काढलं.
जन्माचा ठिपका देऊ लागली, पेन थांबला.
हिरव्या पट्ट्याच्या वर, कागदाच्या कोऱ्या भागात.
"मॅडम, इथं तर रंगच नाही."
दे तिथंच, म्हणलं. येईल खाली. धावपळ नको.

सहा आठवड्यांनी माझी तारीख आहे.
आता माझं बोट कुणी विचारत नाही,
सगळे त्याचेच गाल ओढतात.
कार्ड उलटंपालटं करून पाहिलं:
आईच्या साखरेचा रकाना कुठंच नव्हता.
पट्टी सापडेना,
मी हातानंच एक आखला.
वाकडा आला.