घर बंद

महापालिकेनं दिलेल्या पॅडला चिमटा आहे,
चिमट्यात नमुना क्रमांक सात.
एका अर्जामागे अठरा रुपये.
प्रश्न नऊ : आपल्या वस्तीची पहिली गरज कोणती?
एकाच चौकोनात खूण करा.

जालन्यात कुंडलिकेच्या अल्याड, कॉलनीत,
मी दुपारी तीनला बेल दाबली
आणि खुर्ची आली, मग चहा.
निवृत्त उपअभियंता टाकळकरांनी
अर्ज स्वतःच्या पेनानं भरला, शिरोरेघेसकट :
ज्येष्ठांसाठी चालायचा ट्रॅक, चार बाकं, दोन दिवे.
खोटं काही नव्हतं त्यात.
त्यांचा गुडघा खरंच दुखतो,
जिना उतरताना मी पाहिला.
एका दिवसात एकेचाळीस अर्ज.

पल्याड, सळईच्या कारखान्यामागं, भट्टीपुऱ्यात
मी दुपारी तीनलाच गेले.
कुलूप. कुलूप. कडीला दोरी.
एका दाराला नुसता विटेचा टेकू,
आत शेळी.
बाया बियाण्याच्या कंपनीत, निवडायला.
माणसं भट्टीवर.
पोरं कुठं, ते शेळीला माहीत.
नमुना सातमध्ये याच्यासाठी चौकोन आहे :
घर बंद.
मी एकशे बारा खुणा केल्या.
बंद घराचेही अठरा मिळतात.

घरी येऊन चपला काढल्या तर
तळव्यांना काळी भुकटी.
कॉलनीतून आले त्या दिवशी
पाय धुवायचं मला सुचलंही नव्हतं.

खिल्लारे साहेबांनी बेरीज केली.
भट्टीपुरा : मागणी, तीन.
"बघा मॅडम, मागतच नाहीत हे लोक."
निधी मागणीच्या प्रमाणात,
आणि प्रमाण म्हणजे गणित,
गणिताला काही जात नसते, असंही म्हणाले.
मी त्यांच्या पंख्याकडं बघत राहिले.

मग नळाला पाणी येतं त्या अकराव्या दिवशी,
पहाटे पावणेपाचला, परत गेले.
हे अठरात बसत नव्हतं.
अख्खा भट्टीपुरा जागा.
तोटी एक,
हंड्यांची ओळ पार दर्ग्याच्या ओट्यापर्यंत.
विचारलं, पहिली गरज?
मेहरूनबी हसल्या.
"हौ बाई, पैली. पण कोणाची?"

तेवढ्यात मागचे दोन हंडे पुढं सरकले.
कुणी ओरडलं नाही.
"बाळंतीण असंल तर दोन आगाऊ,"
सुभद्रा इंगोले सांगू लागली,
"मयत असंल तर रांगच नाही.
रातपाळीवाल्याला मधी घ्यायचं, त्याला निजायचं असतंय.
आन् मोटर लावणाऱ्याचा हंडा
लाथंनं उलटा."
हे ठरवलं कुणी?
"ठरवायचं काय त्यात," ती म्हणाली.
मग हंडा उचलता उचलता :
"आधी लई भांडणं झाली. धुरपताचं डोकं फुटलं,
सात टाके. तवा ठरलं."

रास्त हा शब्द मी पहिल्यांदा
रेशन दुकानाच्या पाटीवर वाचला होता,
तिथं तो गंजलेला होता.
पदवीच्या पुस्तकात त्याची चार सूत्रं होती,
मी पाठ करून बासष्ट गुण मिळवले.
धुरपताचे टाके एकाही सूत्रात नव्हते.

त्या पहाटे मी प्रश्न नऊला हात लावला नाही.
अर्जांच्या मागच्या कोऱ्या बाजूला
नळाचा नियम उतरवला,
त्यांच्याच शब्दांत, लाथेसकट.
साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला.
"याला रकाना कुठंय?"
नाही म्हटलं.
"मग भरू कुठं?"

त्या त्रेसष्ट अर्जांचे पैसे अजून अडकलेत.
ट्रॅकचं भूमिपूजन झालं.
टाकळकरांनी आठवणीनं पेढा दिला,
मी खाल्ला.

अहवाल छापून आला तेव्हा
पान सतराच्या तळाशी, बारीक टायपात,
कुणाच्या नजरेतून सुटलं कोण जाणे,
एक टीप राहून गेली होती :
भट्टीपुऱ्यातली घरं बंद नसतात.
पहाटे पाचला यावं.