चारशे नव्वद

कलिना, रात्रीचे पावणेदहा.
खिडकीवरच्या काळ्या कागदाचा एक कोपरा सुटलाय,
मोरजकर मामा चिकटपट्टी शोधतायत.

कुपीत डीएनएचा एकेरी धागा.
शाळेत काढला तो पिळाचा जिना नव्हे,
हा सुटा, ग्वानिनने गच्च.
सोबत पिवळट रंगाचा थेंब:
त्याचा कण पाण्यात स्वतःभोवती गिरक्या घेतो,
दिला तेवढा उजेड गिरकीतच उधळतो.
पडद्यावर रेघ आडवी, झोपलेली.

मग पोटॅशियम. दोनच थेंब.

चार ग्वानिन एकमेकांना धरून बसतात,
त्या चौकटीवर दुसरी, दुसरीवर तिसरी,
आणि वरच्या पाटावर
रंग येऊन टेकतो.
गिरकी थांबते.
चारशे नव्वदला रेघ उठून उभी.

सांताक्रूझला विमान उतरतं, टेबल थरथरतं,
रेघेला मध्येच एक दात फुटतो.
मी तो पुसत नाही.

"दिसली का घडी?"
नाही मामा, घडी दिसत नाही.
कुणीतरी तिथं टेकून गप्प झालं,
एवढंच दिसतं.

मामा कोपरा चिकटवतात.
"लिथियमची कुपी धुऊन ठेवलीय.
ती काळोखात राहिली,
तर उद्या वहीत लिहा."