धन होतं ते ऋण

गॅरेजमध्ये दिवा लावलेला नसतो.
इदवलला आता दिव्याचा उपयोग नाही.
नजरेच्या ऐन मधोमध राखाडी डाग बसलाय,
कडेकडेचं तेवढं दिसतं.
तुझा चेहरा नाही, कान दिसतात, म्हणतो.
पंचेचाळीस वर्षं झाली, मी म्हणते,
कान पुरेत.

सहासष्ट सालची एमजीबी. कागदोपत्री हिरवी.
लग्नाआधीची त्याची.
तेव्हा मला डावीकडे बसवायचा, नकाशा मांडीवर,
वाट चुकली की दोष माझा.
मग मुलं झाली, आणि गाडी गेली
मामीच्या मेंढवाड्यात, लोकरीच्या गोण्यांखाली.

परत आणली त्या दिवशी त्याने खिशातलं नाणं काढलं
आणि दाराखालच्या पत्र्यावर वाजवत गेला
पुढून मागे,
डॉक्टर पोटावर बोटं वाजवत जातो तसा.
टण. टण. टण. भद्द.
"इथे," तो म्हणाला. मी खडूने फुली मारली.
दिवेलागणीपर्यंत अख्खी गाडी फुल्याफुल्यांची.

क्लबातला ग्विलिम आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.
मूळ गिअरबॉक्स काढणार? मूळ डायनॅमो?
जुनं ते सोनं असतं, वगैरे.
सोन्याला गंज चढत नाही, ग्विलिम.
हिच्या पायपट्टीत माझी मूठ जाते.

पाच गिअरचा डबा आला माझ्या पेन्शनमधून.
नवा रेडिएटर, त्याला विजेचा पंखा,
घाटात चढताना उकळू नये म्हणून.
अल्टरनेटर बसवला तेव्हा बॅटरीची टोकं उलटी करावी लागली:
सांगाड्याला इतकी वर्षं धन जोडलेलं,
ते सोडवून ऋण जोडलं,
आणि दिवे कधी नव्हे इतके लख्ख लागले.
माझ्या जमाखर्चाच्या वहीत असं कधी होत नाही.

झडपांची फट तो पात्याने मोजतो, डोळे मिटून.
पातं जरा अडलं पाहिजे, म्हणतो,
लोण्यातून सुरी जाते तसं नाही,
शिळ्या चीजमधून जाते तसं.
मी पाने पुढे करते. अर्धा इंच. सात सोळांश.
चुकीचा दिला की वजनावरून ओळखतो
आणि परत करतो, न बोलता.

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
बालाच्या तळ्याकाठच्या रस्त्याने, बर्फातसुद्धा.
बोटांची पेरं त्यातच गेली.
या गाडीच्या चाकाला मात्र
त्याने मला कधी हात लावू दिला नाही.

फेब्रुवारीत एका रात्री म्हणाला, हात दे.
सुतळीने मनगटापासून बोटांपर्यंत माप घेतलं,
मग गुडघा ते टाच,
मग पाठ.
"माझं माप कसलं घेतोस? मेल्यावर सुतार घेईलच की."
तो गाठी मारत राहिला सुतळीला.

मार्चमध्ये एक खोकं आलं. आत मोटर,
स्टिअरिंगच्या दांड्यावर बसणारी,
चाक एका बोटाने फिरावं म्हणून.
मग उजवी सीट दोन बोटं वर उचलली गेली.
क्लच हलका झाला.
चाकावर जाड चामडं आलं, सुजलेल्या मुठीच्या बेताचं.
इदवलची बोटं धडधाकट आहेत.
मी आत गेले आणि स्वच्छ कपबशा
पुन्हा विसळत बसले.

मे महिन्यात निघालो. फिशगार्डला जायचं,
तिथून बोटीने आयर्लंड, पश्चिमेच्या टोकापर्यंत.
मागे दोन बॅगा, थर्मास, एक फॅन बेल्ट जास्तीचा.
तो डावीकडे, नकाशा मांडीवर, उलटा.
मी काही बोलले नाही.

पहिल्या खिंडीत म्हणाला, "आता पाचवा."
टाकला. इंजिनाचा आवाज खाली बसला,
वर्गात मास्तर आल्यासारखा.
"उजवीकडे काय आहे?"
मेंढ्या.
"किती?"
गाडी चालवतेय मी, इदवल.
"बरं. पण किती?"

माखनलेथच्या अलीकडे पेट्रोलचा वास आला.
त्याला आधी. मी थांबवली.
तो उतरला, बॉनेटखाली हात घालून चाचपडू लागला
आणि मी रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून
खरंच मोजल्या.
एकोणचाळीस.
एक काळी.